‘नॉट वन सेंट’चे चाळीस लाख

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय: 1863 सालच्या अमेरिकन तांब्याच्या नाण्यावर टांकसाळीच्या चुकीने ‘नॉट वन सेंट’ (एक सेंट नव्हे) पडलं, सरकारने ती परत घेऊन वितळवली, म्हणून उरलेल्या एकेकाचे चाळीस लाख येतात. चिंचेने घासा नि फोटो पाठवा.

पहिलं म्हणजे, टांकसाळीचा यात संबंधच नाही. यादवी युद्ध पेटल्यावर 1861 च्या डिसेंबरअखेर तिथल्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. लोकांनी सोनं-चांदी दडवली, पुढे साधे सेंटही. चिल्लर म्हणून लोक टपाल तिकिटं देऊ-घेऊ लागले. शेवटी दुकानदारांनी स्वतःच सेंटएवढी टोकनं, म्हणजे खासगी नाणी, पाडून घेतली; फॉरवर्डमधलं नाणं त्यातलंच. (आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात चिल्लर आटली तेव्हा काही संस्थानांनी कागदी कॅश कूपनं काढली होतीच.)

दुसरं, ‘नॉट’ ही चूक नाही, शक्कल आहे. भिंग लावून बघा: ‘वन सेंट’ ठसठशीत, वर ‘नॉट’ एवढंसं. घाईतल्या गिऱ्हाइकाला सेंट दिसावा, आणि कुणी बनावट नाण्याचा आळ घेतलाच तर दाखवायला ‘नॉट’ असावा. खरी चूक हवीच असेल तर त्या युद्धातले सरकारी बाजूचे जनरल डिक्स यांचं टोकन शोधा. ‘अमेरिकेचा झेंडा उतरवेल त्याला जागीच (ऑन द स्पॉट) गोळी घाला’ अशा अर्थाचा त्यांचा हुकूम त्यावर आहे, आणि काही साच्यांत ‘स्पॉट’मध्ये एक ‘ओ’ जास्त पडलाय. तेही लाखांत जात नाही.

वितळवायला सरकारने ती परत घेतलीच कधी? पैसे परत द्यायचे ते काढणाऱ्याने. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्याची टोकनं थर्ड अव्हेन्यू रेल्वेकडे ढिगाने साचली, तर त्याने ती घ्यायला चक्क नकार दिला! 1864 च्या एप्रिलमध्ये कायद्याने एक-दोन सेंटची खासगी टोकनं बंद झाली, जूनमध्ये बाकीची खासगी नाणीही. मजा म्हणजे, एप्रिलच्याच कायद्याने सरकारी सेंट या टोकनांसारखा पातळ, ब्राँझचा झाला.

किंमत? अशी सुमारे अडीच कोटी टोकनं निघाली असा अंदाज आहे. साधं, वापरलेलं टोकन आजही काही डॉलरांत मिळतं. मोजकेच नग उरलेल्या एखाद्या दुकानाच्या टोकनाचा भाव वेगळा, पण तो ठरतो दुकान, गाव आणि साचा बघून.

चिंच मात्र लावूच नका. तांब्यावर जमलेला तपकिरी थर गेला की जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो. विकायचंच असेल तर दोन्ही बाजूंचे स्वच्छ उजेडातले फोटो, वजन आणि व्यास, एवढं पुरे.