पहिली बिअर लागर करायला हरकत नाही

लागर म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवायची बिअर. घरी बिअर करायला निघालेल्याला एक सल्ला हमखास मिळतो : ‘सुरुवातीलाच लागरच्या वाटेला जाऊ नकोस. १० अंशांवर ठेवायला वेगळा फ्रिज लागतो, तीन महिने थांबावं लागतं, आणि चुकलं तर घरच्या दारूनं डोळे जातात.’ या सल्ल्यापायी कित्येक जण भांडं चुलीवर चढवायच्या आधीच माघार घेतात, याचं मला वाईट वाटतं.

आधी डोळ्यांचं बोलू. ही भीती मिथेनॉलची. आंबवताना मिथेनॉल तयार होतं ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिन या चिकट घटकापासून, आणि बार्लीच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांत, पेक्टिन अगदीच कमी. विषारी दारूचे बळी जातात ते बहुतेक वेळा बाहेरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलमुळे. बिअर नुसती आंबवायची असते, गाळायची भट्टी लावायची नसते. ती लावूही नका, आणि आपण राहतो तिथे घरी बिअर करायला कायद्याची परवानगी आहे का, हे आधी पाहा. राहता राहिले रोगजंतू. तासभराची उकळी, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), आम्लता आणि अल्कोहोल यांतून ते सहसा तग धरत नाहीत. स्वच्छतेत कसूर झाली तर बिअर आंबट होते, वास मारते आणि ओतून द्यावी लागते.

आता फ्रिज. लागरचं यीस्ट संकरित आहे. त्याचा एक पूर्वज म्हणजे एल या उबेत आंबणाऱ्या बिअरचं नेहमीचं यीस्ट, तर दुसरा थंडीत रमणारं रानटी यीस्ट, जे २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं जाहीर झालं. थंडीची आवड या दुसऱ्याकडून आली. पण थंडी आवडणं वेगळं आणि थंडीवाचून अडणं वेगळं. १९व्या शतकात कॅलिफोर्नियात पुरेसा बर्फ मिळत नसताना लोकांनी लागरचं यीस्ट उबदार हवेतच आंबवलं, आणि त्यातून ‘स्टीम बिअर’ नावाचा स्वतंत्र प्रकार जन्माला आला. उबेत होतं काय, तर यीस्ट घाईनं काम करतं आणि फळांसारखा वास देणारे एस्टर जास्त सोडतं. सगळ्या जाती सारख्याच सोडतात असंही नाही. जर्मनीतल्या वायनश्टेफानची ३४/७० ही यीस्टची जात १६-१७ अंशांवरही बरीच स्वच्छ चव देते. तेवढा गारवा फ्रिजशिवाय राखता येतो : आंबवायचं भांडं पाण्याच्या टबात ठेवा, त्याला ओलं कापड गुंडाळा, आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ टबात बदला. खोलीच ३० अंशांवर तापत असेल तर मात्र हा उपाय अपुरा पडतो. तेव्हा थंड हंगामाची वाट पाहावी.

माझी पहिली लागर फसली ती उष्णतेमुळे नव्हे. २० लिटरला मी यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एकच पाकीट टाकलं होतं आणि आंबणं मंदावताच बाटल्या भरल्या. बिअरला लोण्याचा वास आला. तो डायअसिटिलचा, म्हणजे आंबताना तयार होणाऱ्या एका रसायनाचा. यीस्ट तो स्वतःच परत शोषून घेतं, पण त्यासाठी ते पुरेसं असावं लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून लागरला १० लिटरमागे एक पूर्ण पाकीट टाका, आणि आंबणं संपत आलं की दोन-तीन दिवस भांडं १८ अंशांपर्यंत येऊ द्या. ‘लागर अवघड’ म्हणणाऱ्यांकडून ही गोष्ट मी क्वचितच ऐकली आहे.

तीन महिन्यांचं म्हणाल तर ‘लागर्न’ म्हणजे जर्मनमध्ये साठवणं, तिथून हा समज आला असावा. कडक, जड लागरला तेवढा काळ लागतोही. साध्या, ५ टक्क्यांच्या बिअरला दहा-बारा दिवस आंबवणं, दोन आठवडे बाटलीत वायू धरणं आणि दोन-तीन आठवडे घरच्याच फ्रिजात मुरणं पुरतं.

पहिल्या खेपेला १० लिटरच करा. १.३ किलो फिक्या माल्ट अर्काची पूड आणि ४ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा यातूनच येतो, टक्का पाकिटावर असतो) २५ ग्रॅम हॉप्स पाण्यात तासभर उकळा, झटपट गार करा, मग यीस्ट टाका. हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता मोजणारी नळी, सुरुवातीला १.०४८च्या आसपास दाखवेल आणि शेवटी १.०१०च्या.

खरा धोका आहे तो फुटणाऱ्या बाटलीचा, आणि त्या सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही. आंबणं अपुरं राहिलं किंवा साखर जास्त पडली, की बंद बाटलीत वायूचा दाब वाढत जातो. एअरलॉकमधले (भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले एवढ्यावर बाटल्या भरू नका. तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा तसूभरही हलला नाही, तरच भरा. बाटलीत वायू धरावा म्हणून भरताना घालायची साखर लिटरमागे ६ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. चमच्याच्या अंदाजानं नको. बाटल्या बिअरच्याच, जाड काचेच्या घ्या आणि झाकणाच्या खोक्यात ठेवा. दहाव्या दिवशी एक बाटली गार करून उघडा. फेस उसळून बाहेर आला, तर हातमोजे आणि चष्मा घालून उरलेल्या सगळ्या फ्रिजात ठेवा, आणि पुरत्या गार झाल्यावर एकेकीचं झाकण सैल करून दाब सोडा.