एका रकान्यात एकच

ज्याने कोणी पहिल्यांदा "तुझा ऑल टाइम फेव्हरिट सिनेमा कोणता?" असं विचारलं, त्याला समोरच्याशी चार गप्पा मारायच्या होत्या, असं मी धरून चालतो. उत्तर देणाऱ्याची मात्र त्या क्षणापासून तोंडी परीक्षा सुरू होते. सगळ्यांना माहीत असलेलं नाव घ्यावं, तर "बस, एवढंच?" असा चेहरा होतो. हंगेरी-बिंगेरीतलं घ्यावं, तर "आला मोठा शहाणा". गेल्या वर्षीचं घेतलं तर ते ऑल टाइम कसं, आणि फार जुनं घेतलं तर आपलं वय निघतं. मी आजवर "असं एक नाव नाही सांगता येणार बुवा" या वाक्यावर निभावून नेत होतो. लोकांना त्यात खोली वाटायची.

भाच्यापुढे ते वाक्य चाललं नाही. त्याने अख्ख्या खानदानाची एक शीट बनवली. उभ्या ओळीत नातेवाईक, आडव्या ओळीत चित्रपटांचे प्रकार: विनोदी, भयपट, प्रेमकथा, वेस्टर्न, संगीतपट, सायफाय, अ‍ॅनिमेशन आणि ड्रामा. (ड्रामा म्हणजे नक्की काय, हे मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. बाकी कुठेच न बसणारा सिनेमा तिथे बसवतात, एवढं कळतं.) वर ठळक अक्षरांत नियम: एका रकान्यात एकच. मुलगा दिवसभर ऑफिसात तक्ते भरतो. जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसतेच, अशी त्याची श्रद्धा आहे.

"मामा, फक्त तुझी ओळ रिकामी आहे," त्याचा फोन आला. "आजीचीसुद्धा भरून झाली."

मी विनोदीपासून सुरुवात केली. सोपं वाटलं. चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स', १९३१ सालचा. बोलपट येऊन चारेक वर्षं झाली होती, सगळं जग पडद्यावर बडबडायला लागलं होतं आणि हा गृहस्थ मूकपटच काढत बसला. त्यातल्या एका अडचणीने त्याला महिनोन् महिने छळलं. फुलं विकणाऱ्या आंधळ्या मुलीला हा फाटका भटक्या श्रीमंत वाटायला हवा. पण कसा? ती बघू शकत नाही आणि सिनेमाला आवाज नाही. तो प्रसंग चॅप्लिनने शेकडो वेळा पुन्हापुन्हा चित्रित केला. उत्तर सापडलं ते मोटारीच्या दारात. भटक्या उभ्या असलेल्या गाडीत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने उतरतो, दार लावतो, आणि मुलगी त्या आवाजाकडे मान वळवते. आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण तिला आला हे आपल्याला दिसतं. आणि शेवटी तिला दृष्टी आलेली असते. दया येऊन ती त्याच्या हातात नाणं ठेवते, बोटं त्याच्या तळव्याला लागतात, आणि जे डोळ्यांना कळलं नव्हतं ते बोटांना कळतं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"शेवटी रडलास का?"

"डोळे पाणावले जरा."

"मग ड्रामा," तो म्हणाला आणि मला पलीकडून टकटक ऐकू आली. चॅप्लिनला त्याने उचलून दुसऱ्या रकान्यात टाकलं होतं.

अश्रूंवरून प्रकार ठरवायची ही पद्धत त्याच्यात कुठून आली, हे मला ठाऊक आहे. तो लहान असताना ताईने मला विचारलं होतं, मुलांना दाखवण्यासारखं एखादं चांगलं कार्टून सांग. मी म्हटलं, जपानी बघ, त्यांचा हात कोणी धरत नाही. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' सांगितला. दुसऱ्या महायुद्धातली बहीण-भावाची गोष्ट, सुरुवातीलाच भाऊ सांगतो की मी अमुक रात्री मेलो, आणि तिथून पुढे सिनेमा कमी कमी आनंदी होत जातो. त्या दिवशी ताईकडे रात्री कोणी जेवलं नाही. पुढची काही वर्षं त्या घरात माझी ओळख "कार्टूनवाला मामा" अशी होती आणि त्यात कौतुक नव्हतं. पण माझं म्हणणं आजही तेच आहे. खुद्द जपानात एप्रिल १९८८ मध्ये हा चित्रपट 'माय नेबर तोतोरो' या गोंडस चित्रपटाच्या जोडीने, एकाच खेळात दाखवला गेला. एकाच स्टुडिओचे दोन सिनेमे, एका तिकिटात. मी निदान एकच दाखवला.

अ‍ॅनिमेशनच्या रकान्यात मी तोच लिहिला. भाच्याने तो काही न बोलता ड्रामात हलवला. मग एका रकान्यात दोन झाले म्हणून चॅप्लिनला अधांतरी ठेवलं.

भयपटाकडे वळलो. पहिलं नाव मनात आलं हिचकॉकच्या 'सायको'चं. पण १९६० च्या त्या कृष्णधवल न्हाणीघरात वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं, हे कळल्यापासून मला त्या दृश्यात भीतीऐवजी भूक लागते. मग 'जॉज'. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात गेला की बंद पडायचा. शेवटी स्पिलबर्गने त्याला दाखवायचंच कमी केलं, नुसता पाण्याचा पृष्ठभाग आणि दोन सुरांचं संगीत, आणि १९७५ साली लोक समुद्राकडे संशयाने बघायला लागले. मासा बिघडला आणि सिनेमा सुधारला. पण तो भयपट, थरारपट की साहसपट, यावर भाच्याने तीन पर्याय पुढे केले आणि मी माघार घेतली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते ती 'झपाटलेला'ची. हे मी म्हटलं आणि पलीकडे हशा पिकला.

"मामा, ती कॉमेडी आहे!"

लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर असेपर्यंत आहे ना. पण रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला नुसता बसून बघतो, तेव्हा काय? १९९३ पासून मला कुठल्याही घरातल्या शोकेसमधल्या बाहुलीकडे पाठ करून बसता येत नाही. पाहुणा म्हणून गेलो की आधी जागा बदलून घेतो. सायकोतल्या मोटेलमध्ये मी कधी जाणार नाही, पण बाहुली असलेल्या घरात महिन्याकाठी जावं लागतं. भीती ही सोयीची गोष्ट असती तर मीही एखादं भारदस्त भूत निवडलं असतं.

वेस्टर्नच्या रकान्यात मात्र मी भाच्याला गाठलं. घोडे, टोपी, पिस्तूल म्हणजे अस्सल अमेरिका, असा त्याचा समज. मी त्याला वंशावळच सांगितली. जपानी दिग्दर्शक कुरोसावाला अमेरिकेच्या जॉन फोर्डचे वेस्टर्न आवडायचे. त्याने जपानात सामुराईंचे चित्रपट काढले. त्याच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराई'वरून अमेरिकेने १९६० मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' काढला, म्हणजे माल घरी परत आला. त्याच्या 'योजिम्बो'वरून सर्जिओ लिओनी या इटालियन माणसाने १९६४ मध्ये 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला, तो न विचारता, आणि प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. त्याचं बाहेरचं चित्रण झालं स्पेनमध्ये. जपानी कथा, इटालियन दिग्दर्शक, स्पॅनिश धूळ आणि मधोमध क्लिंट ईस्टवूड.

"आता सांग, यात वेस्टर्न काय आहे?"

"टोपी," भाचा म्हणाला.

संगीतपटावर आमचं फार लांबलं नाही. आपल्याकडे तो वेगळा प्रकार मानायचा म्हणजे माशांमध्ये पोहणाऱ्या माशांचा वेगळा रकाना करण्यासारखं आहे. १९३२ च्या 'इंद्रसभा'त सत्तरएक गाणी होती. उलट १९६० च्या 'कानून'मध्ये एकही गाणं नाही, हीच तेव्हा बातमी होती. मी सुचवलं की रकान्याचं नाव "गाणी नसलेला" असं कर आणि 'कानून' लिही. हेडर लॉक आहे, असं उत्तर आलं.

प्रेमकथेत 'सैराट' लिहिला. त्याच्या शेवटाला सगळा आवाज काढून घेतलाय, ते लहान मूल चालत येतं आणि थिएटरमध्ये शेजारचा माणूस श्वास घेतोय हेसुद्धा ऐकू येतं. भाचा अश्रूंचा प्रश्न विचारणार, एवढ्यात मी फोन ठेवला. सायफायला मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९०२ सालचा चंद्रावरच्या सफरीचा मूकपट दिला. चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा घुसतो, आणि सगळी सफर जाऊन-येऊन पाव तासात आटोपते. हल्ली अंतराळवीराचा बेल्ट लावून होईपर्यंत तेवढा वेळ जातो.

दरम्यान, भाऊजींची ओळ माझ्या नजरेस पडली. सगळ्या रकान्यांत एकच नाव: शोले. विनोदी, शोले. भयपट, शोले. सायफाय, शोले.

"हे कसं चालतं?" मी विचारलं.

"बाबांचं वेगळं आहे," भाचा खालच्या आवाजात म्हणाला. "मी बोललो त्यांच्याशी. ते म्हणाले, शोले हाच एक प्रकार आहे."

म्हणून मी जागतिक पुरावा आणला. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांना विचारतं, सर्वोत्तम चित्रपट कोणते? त्यांनाही निदान दहा नावं देता येतात, एक नव्हे. पहिल्या खेपेला 'बायसिकल थीव्ह्ज' पहिला आला. तेव्हा तो अवघा चार वर्षांचा होता, म्हणजे त्यांचं ऑल टाइम इतपतच. 'सिटिझन केन' तेव्हा पहिल्या दहातही नव्हता. मग १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच खेपा तोच पहिला. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'. २०२२ मध्ये शांताल आकरमनचा १९७५ चा 'झान दिएलमान'. तीन तास वीस मिनिटं एक बाई घरकाम करते, त्यात बराच वेळ बटाटे सोलते, आणि ते बघता बघता आपल्या पोटात गोळा येतो.

"एवढ्या मोठमोठ्या लोकांचं ठरत नाही," मी म्हटलं, "तर माझं काय ठरणार?"

फोन स्पीकरवर होता. ताईचा आवाज आला. "ती बाई बटाटे सोलते ते तू तीन तास बसून बघितलंस?"

"हो. फार मोठी कलाकृती आहे ताई."

"आणि मी सोलत असते तेव्हा तुला नेमका फोन येतो."

यावर समीक्षेत काही उत्तर नाही. पण ताई तेवढ्यावर थांबली नाही. "याला काय विचारतोस? मी सांगते याचा आवडता. अशी ही बनवाबनवी."

मी म्हटलं, तसं काही नाही. तिने साक्षच काढली. म्हणे, टीव्हीवर तो लागला की हा खांद्यावर टॉवेल टाकून सोफ्याच्या हातावर टेकतो. आंघोळीला जाता जाता पाच मिनिटं बघतो म्हणतो. नीट बसत नाही, कारण नीट बसलं तर बघितल्यासारखं होतं. पाणी गार होतं, गीझर दुसऱ्यांदा लागतो, पडद्यावर अशोक सराफ काही बोलायच्या आधी याचे ओठ हलतात. सिनेमा संपला की उठतो आणि म्हणतो, आता हे लोक कितीदा दाखवणार!

वर्णनात अतिशयोक्ती नव्हती. टॉवेल निळा आहे, एवढं तिने सांगितलं नाही.

"झालं तर," भाचा खूश झाला. "विनोदी रिकामंच आहे."

इथे मी अडून बसलो. विनोदी कसा? चार तरुणांना राहायला जागा मिळत नाही. जागेसाठी दोघांना बायका बनावं लागतं. उघडं पडलं तर सामानासकट बाहेर. १९८८ साली तो विनोद असेल. भाड्याने घर शोधत फिरलेल्या कुठल्याही माणसाला आज विचार, तो 'सायको'च्या वरचा भयपट आहे. मी हसतो ते सुटल्यासारखं वाटतं म्हणून.

भाचा बराच वेळ गप्प होता. नुकताच तोही जागा शोधत होता. मग पुन्हा टकटक ऐकू आली. शेवटी त्याने माझी ओळ कशी भरली ते मी पाहिलं नाही. पण दोन दिवसांनी त्याची दुसरी शीट आली. तेच नातेवाईक, तेच प्रकार, मथळा वेगळा: "सर्वात नावडता".

चहा गार व्हायच्या आत मी ती भरून पाठवली. लगेच फोन.

"मामा, पाच रकान्यांत एकच सिनेमा आहे."

"बरोबर आहे."

"एक चित्रपट एकदाच. नियम आहे."

"भाऊजींचा शोले चालला ना?"

"शोले पाचही प्रकारांत बसतो."

"हाही बसतो," मी म्हटलं. "विनोदाला हसू येत नाही, भुताला बघून येतं. गाणी लागली की लोक बाहेर जातात, आणि प्रेमात कोण कोणाच्या आहे ते शेवटपर्यंत कळत नाही."

"आणि पाचवा? सायफाय?"

"त्याला दुसरा भाग येतोय."