‘चार दिवसांचंच तर आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या अल्बर्ट पार्क या सार्वजनिक उद्यानात दरवर्षी फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत भरते. तिने उद्यानाचं नुकसान होतं असं मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिच्यात राग आहे, पण मुद्देही आहेत, म्हणून दोन ओळींत उरकावंसं वाटलं नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. शर्यत वर्षातून चार दिवस, उरलेले ३६१ दिवस उद्यान लोकांचंच. गाड्या डांबरी रस्त्यावरून धावतात, गवतावरून नाही. शहराला पैसा मिळतो. उद्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या की आवाजाची तक्रारही संपेल. शिमग्याला मैदानात पालखी नाचते तेव्हा हजारो पाय गवत तुडवतात, ते आम्हाला चालतं. आणि रत्नागिरीत बसून ऑस्ट्रेलियातल्या बागेसाठी हळहळणारी माणसंच कोकणात काही नवं येऊ देत नाहीत.

आधी माझी चूक. ‘उद्यान उद्ध्वस्त झालं’ असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. तळं आहे, त्यात काळे हंस आहेत, लोक रोज तिथे धावतात, चालतात. शर्यतीसाठी झाडं तोडली गेली, तशी नंतर लावलीही गेली. ते वाक्य आज काढलं. तुम्ही दाखवून दिलंत, आभार.

पण चार दिवसांचा हिशेब मला पटत नाही. गाड्या रस्त्यावरून धावतात हे बरोबर. तळ्याभोवतीचे ते रस्ते एरवी सगळ्यांच्या वापरातलेच आहेत. पण सव्वापाच किलोमीटरच्या त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे अडथळे आणि जाळीची कुंपणं लागतात, प्रेक्षकांचे चौथरे, तंबू, तात्पुरते पूल उभे राहतात. हे सगळं उतरतं गवतावर. ते आणणारे ट्रक आणि क्रेनही तिथेच फिरतात. उभारणीला कित्येक आठवडे लागतात, काढायला पुन्हा काही आठवडे. तेवढे दिवस तिथल्या क्रिकेट-फुटबॉलच्या क्लबांनी दुसरीकडे मैदान शोधायचं. २०२० मध्ये कोविडमुळे शुक्रवारी सकाळी, लोक दाराशी उभे असताना, शर्यत रद्द झाली. मुख्य शर्यत झालीच नाही, उद्यान मात्र उभारणीत आणि उतरवणीत नेहमीसारखंच अडकून पडलं.

मातीचं मी जरा जास्त सांगणार आहे, कारण ते मी स्वतः पाहिलंय. आमच्या वाडीजवळच्या मैदानावर काही वर्षांपूर्वी तीन दिवसांचा महोत्सव झाला. ट्रक रुतत होते म्हणून मुरूम टाकून रोलर फिरवला. महोत्सव संपला, मंडप गेला, मुरूम राहिला. आमच्या लाल मातीत पाणी तासाभरात जिरतं, पण त्या पावसाळ्यात त्या पट्ट्यात ते आठवडाभर उभं राहायचं. दसऱ्यापर्यंत आजूबाजूला गुडघाभर गवत आणि मध्ये तो टक्कल पडल्यासारखा पट्टा. कारण साधं आहे. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, त्यांत हवा आणि पाणी खेळतं. वजन पडलं की त्या मिटतात, माती ओली असेल तर अधिकच. मग पाणी आत जात नाही आणि मुळं गुदमरतात. झाडांचंही तेच. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या हातभर थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. खोडाला कुंपण घातलं म्हणून झाड वाचलं असं होत नाही. आणि झाड लगेच मरतही नाही, चार-पाच वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं. तोवर महोत्सव कुणाच्या लक्षात असतो?

पैशाबद्दल. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या महालेखापरीक्षकांनी २००७ मध्ये २००५ च्या शर्यतीचा ताळेबंद मांडला, तेव्हा राज्याला झालेल्या फायद्यापेक्षा खर्च ६७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरनी जास्त निघाला. अलीकडे चार दिवसांची मिळून गर्दी साडेचार लाखांवर सांगितली जाते, आणि तरीही सरकारला दरवर्षी १० कोटी डॉलरच्या आसपास भर घालावी लागते. हॉटेलं भरतात, शहराचं नाव होतं, हे मी नाकारत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांचा मुद्दा मला आवडला, कारण त्याची परीक्षा होऊन गेली आहे. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये २०१५ आणि २०१६ मध्ये फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत भरली. धूर नाही, आवाजही कितीतरी कमी. तरी रहिवासी कोर्टात गेले आणि २०१६ ची शर्यत तिथली शेवटची ठरली. त्यांची तक्रार इंजिनाबद्दल नव्हतीच. उद्यान बंद राहतं, याबद्दल होती. अमेरिकेत डेट्रॉईटची शर्यत वर्षानुवर्षं बेल आयल या बेटावरच्या उद्यानात व्हायची. २०२३ पासून ती शहराच्या मध्यवर्ती रस्त्यांवर नेली. शर्यत टिकली, उद्यान मोकळं झालं. म्हणजे शर्यत हवी की उद्यान, असं भांडण असायलाच पाहिजे असं नाही.

आता पालखी. तुमच्या प्रतिक्रियेतला हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त बोचला, आणि त्यामुळेच माझं म्हणणं मला नीट कळलं. पालखी मैदानात कधी येणार, कुठे थांबणार, कुणाच्या अंगणात आधी जाणार, हे गावकीच्या बैठकीत ठरतं. मानकरी असतात, वाद होतात, कधी कधी वर्षभर अबोला राहतो. पण ज्याच्या दारावरून पालखी जायची तो त्या बैठकीत बसलेला असतो. मैदानाला कुंपण पडत नाही, तिकीट लागत नाही. मेलबर्नमध्ये १९९३ च्या डिसेंबरात राज्य सरकारने शर्यत अॅडलेड शहरातून आपल्याकडे येणार असं जाहीर केलं, आणि १९९४ मध्ये तिच्यासाठी खास कायदा केला. नियोजनाचे आणि पर्यावरणाचे नेहमीचे कायदे शर्यतीच्या कामांना लागू राहिले नाहीत, नुकसानभरपाई मागायची वाटही बंद केली. लोकांनी निषेध म्हणून झाडांना पिवळ्या फिती बांधल्या, शेकडो जणांना अटक झाली, तरी १९९६ मध्ये तिथली पहिली शर्यत झालीच. माझा मूळ आक्षेप इथे आहे. गवत चार पावसांत येईलही. विचारायची जागाच कायद्याने काढून घेतली, ती परत कशी उगवणार?

राहिलं कोकण. मी सगळ्याला विरोध करतो, असं तुम्हाला का वाटलं ते समजतं. आमच्याकडच्या बऱ्याच चर्चा ‘नको’ पासूनच सुरू होतात. पण रत्नागिरीत उद्या कुणी शर्यत आणली, ती डांबरी रस्त्यावर घेतली, रस्ता कधी बंद आणि कधी उघडा हे दोन महिने आधी सांगितलं आणि रुग्णालयाची वाट मोकळी ठेवली, तर बघायला मीही जाईन. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, किंवा पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मात्र नको. तिथे काही नाही, असं गाडीत बसलेल्या माणसाला वाटतं. सड्यावरच्या कातळशिल्पांचं, म्हणजे कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रांचं, नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलं, पण मातीत अर्धवट झाकलेलं शिल्प चाकाखाली येईपर्यंत दिसत नाही. पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. गाड्या फिरलेल्या किनाऱ्यावर पिल्लं बाहेर पडली की समुद्राकडे जाताना चाकोरीत अडकतात. ती चाकोरी आपल्या पावलाला जाणवतही नाही, हाताच्या पंजात मावणाऱ्या जीवाला मात्र ती भिंत असते.

पुढच्या खेपेला रत्नागिरीला याल तेव्हा कळवा. वाडीजवळचं ते मैदान दाखवतो. पावसाळ्यात आलात तर पट्टा कुठे आहे ते मला सांगावं लागणार नाही.