२८ दिवसांत व्यसनमुक्ती? प्रश्न २९व्या दिवसाचा आहे

‘व्यसनी माणसाला २८ दिवस केंद्रात ठेवा, शरीरातले विष निघून जाईल आणि तो कायमचा सुटेल, पुढे औषधे देत राहणे म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरे लावणे, आणि जो पुन्हा घसरला, त्याला सुटायचेच नव्हते,’ अशा आशयाचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचनात येतो. तो पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो, कारण थकलेल्या कुटुंबाला कोणीतरी एक निश्चित मुदत सांगावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यावर विसंबून घेतलेला निर्णय जिवावर बेतू शकतो.

प्रथम विष निघून जाण्याविषयी. हेरॉइन बंद केल्यावर होणारा त्रास, म्हणजे विथड्रॉवल, साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो आणि ४ ते १० दिवसांत ओसरतो. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम आणि कंप यांची प्राणघातक अवस्था ओढवू शकते. म्हणून हा टप्पा वैद्यकीय देखरेखीखालीच पार पडला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु तो पार पडला म्हणजे शरीर त्या पदार्थावाचून चालू लागले, एवढेच सिद्ध होते. तलफ, उडालेली झोप, जुनी जागा किंवा जुना सोबती दिसताच उसळणारी ओढ हे सारे महिनोन्‌महिने मागे उरते.

याहून गंभीर बाब अशी की, काही आठवड्यांच्या खंडात हेरॉइनसारखे अफूजन्य पदार्थ पचवण्याची शरीराची सवय मोडते आणि पूर्वी सहज झेपणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखल होऊन उपचार घेतलेल्या १३७ रुग्णांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा उपचार अर्धवट सोडलेल्यांपेक्षा ते ‘यशस्वीरीत्या’ पूर्ण केलेल्यांमध्येच वर्षभरात मृत्यूचा धोका अधिक आढळला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता, आणि त्यात अतिमात्रेचे मृत्यू सर्वांत पुढे होते. तुरुंग म्हणजे उपचार नव्हे, हे मान्य. पण सक्तीच्या खंडानंतर शरीराचे काय होते, ते दोन्हीकडे सारखेच. पुढची काहीही व्यवस्था न करता केलेली विषमुक्ती, माझ्या मते, अपुरी तर असतेच, पण अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत धोकादायकही असते.

‘औषध म्हणजे दुसरे व्यसन’ हा आक्षेप जुना आहे आणि वरवर पाहता पटणाराही आहे, कारण अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर दिली जाणारी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे, हे पदार्थ मेंदूतील ज्या ग्राहींना (रिसेप्टर) चिकटतात, त्याच ग्राहींवर काम करतात. फरक त्यांच्या कामाच्या रीतीत आहे. ती संथ आणि दीर्घकाळ काम करतात. त्यामुळे दिवसातून अनेकदा येणारी नशा आणि तिच्यामागून येणारी तडफड हे चक्र थांबते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. स्वीडनमधील, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४० रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन दिले गेले. उरलेल्यांना सहा दिवसांत मात्रा उतरवून नंतर निष्क्रिय गोळी दिली गेली. समुपदेशन दोन्ही गटांना मिळत होते. वर्षअखेरीस पहिल्या गटातील ७५ टक्के रुग्ण उपचारांत टिकून होते, दुसऱ्यातील एकही नाही. आणि दुसऱ्या गटातील चौघे दगावले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. मेथाडोनची मात्रा चुकली तर तेही घातक ठरते, म्हणून त्यावर देखरेख हवीच. शिवाय हा सारा युक्तिवाद अफूजन्य पदार्थांपुरता आहे. कोकेनसाठी असे सिद्ध झालेले औषध नाही, तिथे भर समुपदेशन आणि वर्तनोपचारांवरच असतो.

केंद्रात राहणे हा उपचारांचा एक टप्पा आहे, प्रत्येकाला लागणारा नव्हे. अमेरिकेतील व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने आखलेल्या निकषांत बाह्यरुग्ण भेटी, आठवड्याला किमान ९ तासांचे सघन बाह्यरुग्ण उपचार, किमान २० तासांचे दिवसभराचे उपचार, निवासी उपचार आणि रुग्णालय अशा पायऱ्या आहेत. प्रकृतीनुसार रुग्णाने त्यांवर खाली किंवा वर सरकावे, अशी अपेक्षा असते. नेमके हे सरकणेच बहुतेक ठिकाणी निसटते. केंद्र सोडताना हातात निरोपाचे कागद असतात, पण पुढची भेट कोणाकडे आणि कोणत्या तारखेला, तोवर औषध किती दिवस पुरेल, हे लिहिलेले नसते.

राहिला इच्छेचा मुद्दा. उपचारांनंतर पुन्हा सेवनाकडे वळण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के मानले जाते. उच्च रक्तदाब किंवा दम्यात उपचार ढिले पडून त्रास उलटण्याचे प्रमाण ५० ते ७० टक्के आहे. ही तुलना आता जरा गुळगुळीत झाली आहे, तरी एका प्रथेसाठी ती अजून उपयोगी पडते: सेवन केले म्हणून रुग्णाला केंद्रातून काढून टाकण्याची प्रथा. ज्या लक्षणासाठी तो दाखल झाला, त्याच लक्षणासाठी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला जातो, तोही शरीराची सवय मोडलेली असताना. अशा वेळी एक पायरी वर चढवणे, औषधाची मात्रा तपासणे आणि अतिमात्रेवर उतारा असलेले नालोक्सोन घरच्यांच्या हाती देऊन ते वापरायला शिकवणे, एवढे त्याच दिवशी व्हायला हवे.