राजा उपाशी का झोपला?

आमच्या वसईत ‘लोभी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी बिल्डर येतो. मग पुढारी, मग जमिनीचा दलाल. आपल्या घरातलं कोणी येत नाही, आरशातलं तर नाहीच नाही. बावखलं, म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी, कोणी बुजवली? त्यांनी. बागायती वाड्या कोणी गिळल्या? त्यांनी. यात खोटं काही नाही. पण विकताना सातबाऱ्यावर नाव कोणाचं होतं, असं चर्चच्या आवारात विचारून बघा. लोक लगेच घड्याळ बघायला लागतात.

परवा सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, नाबोथाच्या मळ्याचं वाचन होतं. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला २१ वा अध्याय. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहिते. लांब होणार आहे, सवड असेल तेव्हा वाचा.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. इज्रेल नावाच्या गावात अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. बरं, त्याने फुकट मागितला नव्हता. याच्यापेक्षा चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे, म्हणाला. आजच्या भाषेत ऑफर वाईट नव्हती. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा घरी आला, पलंगावर आडवा झाला, भिंतीकडे तोंड केलं आणि जेवलाच नाही.

अख्खं राज्य पदरी असलेला माणूस भाजीच्या वाफ्यासाठी रुसून उपाशी झोपतो. मला ही ओळ वाचून आधी हसू येतं. मग येत नाही. कारण जे आहे ते त्या क्षणी त्याला दिसतच नव्हतं. जे नाही तेवढंच दिसत होतं. लोभाचं काम असंच चालतं. तो खिशातलं काही चोरत नाही, पण खिशात जे आहे त्याची चव घालवतो.

पुढे ईजबेल राणी सूत्रं हातात घेते. दोन खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथावर देवनिंदेचा आरोप येतो, गावाबाहेर नेऊन त्याला दगडमार होते आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो. आता दहा आज्ञा समोर ठेवून बघा. शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नको, ही आपल्या कॅथलिक मोजणीत अगदी शेवटची, दहावी. अहाबाने आधी ती मोडली. तिच्यामागोमाग खोटी साक्ष, खून, चोरी, सगळ्यांचा नंबर लागला. बाकीच्या बऱ्याच आज्ञा मोडल्या तर लोकांना कळतं, पोलिसांना कळतं, निदान बायकोला तरी कळतं. ही एकच अशी आहे की ती मोडताना माणूस बाहेरून अगदी सभ्य दिसतो. म्हणूनच कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जाताना आपण मनात जी यादी करतो तिच्यात ती येत नाही. खोटं बोलले, रागावले, रविवारची मिस्सा चुकवली, झालं. जावेच्या नव्या किचनकडे बघून आठवडाभर घरात आदळआपट केली, हे पाप आहे असं आपल्याला वाटतच नाही.

पण मला खरं बोलायचंय ते नाबोथाबद्दल. प्रवचनात तो नेहमी बिचारा असतो. गरीब, साधा, अन्यायाचा बळी. मला तो बिचारा वाटत नाही. त्या गोष्टीत राजाला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा तोच एक आहे, आणि ते त्याला जमलं कारण तो समाधानी होता. त्याला चांगला मळा नको होता, त्याचा मळा होता. रोकड नको होती. ज्याला काही नकोय त्याला विकत कसा घेणार? राजाकडे अशा माणसासाठी भाव नव्हता, दगड होते.

आपल्याकडे समाधान म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं असं शिकवलं गेलंय. असेल त्यात भागवा, हू की चू करू नका, स्वर्गात मिळेल. हे समाधान बायबलमधलं नव्हे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात देव म्हणतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता. नाबोथाच्या नकारामागे हे होतं. जमीन आपल्याकडे राखणीला आहे असं मानणारा माणूस तिच्यावर जीव लावतो, पण तिचा गुलाम होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने वसईची हिरवाई वाचवायला हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या कित्येकांकडे तुटपुंजी वाडी, चार केळी आणि पानवेलीचा मळा याहून जास्त काही नव्हतं. ते लोक समाधानी होते म्हणूनच तर भांडले.

आणि मग तीच वाडी भावाभावांत वाटायची वेळ येते.

हे बघायचं असेल तर मोजणीच्या दिवशी जा. मोजणीवाले साहेब येतात, खुणा रोवल्या जातात, दोन्ही घरच्या बायका पडवीत उभ्या, पुरुष कंबरेवर हात ठेवून. विहिरीकडे जाणारी हातभर रुंदीची वाट. ती कोणाच्या हिश्शात गेली यावरून एका आईच्या पोटचे दोघे पुढची कित्येक वर्षं नाताळात एकमेकांना कुसवारचं, म्हणजे फराळाचं, ताट पाठवत नाहीत. वाट हातभर, पण त्या वाटेने बोलणं, लग्नकार्य, मयताला खांदा देणं, सगळं वाहून जातं. आणि रविवारी दोघेही कम्युनियनच्या रांगेत असतात, मध्ये चार माणसं सोडून.

त्याआधी एक कागद तयार होतो, त्याचं नाव हक्कसोड पत्र. त्यावर बहिणींच्या सह्या लागतात. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे, हे आमच्याकडच्या शिकलेल्या भावांनाही सहीच्या दिवशी नेमकं आठवत नाही. तेव्हा आठवतं ते समाधान. “अगं, तुला काय कमी आहे? देवाच्या दयेने तुझं सगळं चांगलं चाललंय. ख्रिस्ती माणसाने जमिनीचा लोभ धरू नये.” हे म्हणणाऱ्याच्या नावावर तोवर तीन वाफे जास्त चढलेले असतात.

समाधानाचा उपदेश आपण कायम समोरच्याला करतो. मालक नोकराला करतो, सासू सुनेला, भाऊ बहिणीला. स्वतःला केलेला मी फार कमी ऐकलाय.

आमच्या घरात मी सही केली. मला खरंच नको होतं, कोणी दटावलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीने केली नाही. तिने तिचा वाटा मागितला, शांतपणे, आवाज न चढवता, आणि घेतला. लोकांनी मला संत केलं आणि तिला हावरी ठरवलं. दोन्ही चूक. आज्ञा सांगते की शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नको. आपलं जे आहे ते मागणं म्हणजे लोभ नव्हे. मला विचाराल तर आमच्या दोघींत जास्त समाधानी तीच आहे. वाटा मिळाल्यावर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र चांगुलपणाची आठवण मधूनमधून काढते, बघा, आत्ताही काढलीच.

लूकच्या शुभवर्तमानात, १२ व्या अध्यायात, गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा दे म्हणून. अगदी वसईचा माणूस! येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग गर्दीकडे वळून, सगळ्या प्रकारच्या लोभापासून सांभाळा, कोणाकडे पुष्कळ संपत्ती असली म्हणजे तेच त्याचं जीवन होत नाही. तो माणूस बरोबर होता की त्याचा भाऊ, हे आपल्याला कळतच नाही. पुढे कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताची गोष्ट आहे, त्यातला माणूस वाईट नाही, त्याने कोणाला लुबाडलेलं नाही, पीक चांगलं आलंय एवढंच. फक्त त्याच्या बोलण्यात ‘माझं’ सोडून दुसरं कोणी नाही. माझं धान्य, माझी कोठारं, माझा माल, आणि गंमत म्हणजे माझा जीव. तो तर त्याच रात्री परत मागितला गेला.

आता जरा चर्चच्या आवारात या. रविवारची दुसरी मिस्सा सुटली आहे. नवी गाडी आशीर्वादाला उभी आहे. बोनेटवर झेंडूचा हार, आरशाला रोझरी, पुढच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. फादर प्रार्थना म्हणून पवित्र पाण्याचे शिंतोडे उडवतात. बाजूला बदामाच्या झाडाखाली पुरुषांचा घोळका. “ऑनरोड कितीला पडली?” “टॉप मॉडेल ना?” “सनरूफ आहे काय?” एक बाई गाडीकडे बघते, मग नवऱ्याकडे बघते, नवरा चप्पल बघतो. मागच्या काचेवर चिकटवलेलं असतं फिलिप्पै ४:१३, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.

गाडी घ्यावी, जरूर घ्यावी, आशीर्वादही घ्यावा. माझं म्हणणं त्या स्टिकरबद्दल आहे. हे वचन ईएमआय फेडण्याच्या सामर्थ्याबद्दल नाही. दहावीच्या पेपरबद्दलही नाही. प्रेषित पौलाने हे तुरुंगातून लिहिलं. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला काही देणगी पाठवली होती, तिचे आभार मानताना तो म्हणतो की मला कमी आहे म्हणून बोलत नाही, कारण ज्या स्थितीत आहे तिच्यात तृप्त राहायला मी शिकलोय, भरल्या पोटीही आणि उपाशीही. आणि मग हे वचन. म्हणजे ‘सर्वकाही’त उपास येतो, साखळदंड येतो. तो हे शिकला, असं स्वतःच सांगतो. पौलासारख्या माणसाला शिकावं लागलं, तर आपल्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यासोबत मिळालं असेल असं धरून चालू नये. आणि त्याने देणगी परत पाठवली नाही हेही लक्षात घ्या. समाधानी माणूस हात आखडून बसत नाही, दिलं तर आनंदाने घेतो.

शिकायचं कसं, यावर सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला मला पटत नाही. “वर बघू नको, खाली बघ. तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत.” यात बघण्याची दिशा बदलली, खोड तीच राहिली. येशूच्या दाखल्यातला परुशी, म्हणजे धर्मनियम कडक पाळणारा, मंदिरात उभा राहून हेच म्हणत होता, हे देवा, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो. दुसऱ्याचं दुःख ही आपल्या समाधानाची उशी नव्हे. आमच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी गरिबांच्या घरी जातात, त्यात काही वर्षांपासून मीही जाते. तिथे जाऊन ‘आपण किती सुखी’ असं वाटून घेणारी माणसं फार दिवस टिकत नाहीत. टिकतात ती, ज्यांना त्या घरातली माणसं आवडायला लागतात.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही असंच झालं होतं. उठलेला येशू त्याला किनाऱ्यावर त्याच्या मरणाबद्दल सांगतोय, आणि हा मागे वळून योहानाकडे बघून विचारतो, याचं काय? येशूचं उत्तर तुटक आहे. तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये. स्टेटस बघत बसलं की मला हे उत्तर आठवतं. नेहमी नाही. कोणी कॅनडाला गेलं, कोणाच्या मुलाचं फर्स्ट कम्युनियन हॉलमध्ये डीजे लावून झालं, तेव्हा तर नक्कीच उशिरा आठवतं.

आणि आपण आपल्याच मातीतला माणूस का विसरतो? संत गोन्सालो गार्सिया, १५५७ च्या सुमारास इथे वसईत जन्मलेला. व्यापारात त्याचा चांगला जम बसला होता. ते सगळं सोडून तो मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, म्हणजे स्वतःच्या मालकीचं काही न ठेवणाऱ्यांतला झाला, आणि १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत क्रुसावर मारला गेला. आपण त्याचा सण करतो, मिरवणूक काढतो, त्याच्या नावाचं कॉलेज आहे. त्याने धंदा चालत असताना सोडला, बुडाल्यावर नाही, हे मुलांना कोणी सांगत नाही. सांगितलं तर मुलं विचारतील, मग आम्हाला एमबीए कशाला करायला लावता?

सगळ्यांनी व्यापार सोडावा असं मी म्हणत नाही. माझी पेन्शन मी दर महिन्याला नीट मोजून घेते. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तो माणशी एक ओमर, म्हणजे एक माप, ज्याने जास्त गोळा केला त्याचं उरलं नाही, ज्याने कमी केला त्याला कमी पडलं नाही, आणि सकाळपर्यंत ठेवला त्याला किडे पडले. आपण रोज म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. ‘आज’ म्हणतो आणि डीप फ्रीजर विकत घेतो. मीही घेतलाय, नाताळाला लागतो.

आता फादर लोकांना एक विनंती आहे, वाईट वाटून घेऊ नका. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला तेव्हा जक्कयाने उभं राहून हिशेब सांगितला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं लबाडीने घेतलं असेल तर चौपट परत. त्यानंतर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. आपल्याकडे नव्या बंगल्याला आशीर्वाद द्यायला तुम्ही येता. फीत कापायच्या आधी, सगळ्यांसमोर नको, आत देव्हाऱ्याच्या खोलीत घरधन्याला एकदा विचारा, ही जागा कशी झाली, बहिणींनी सह्या मनापासून केल्या का, वाट कोणाची अडली आहे का. बिर्याणी थोडी थंड होईल. दोन-तीन घरं पुढच्या वेळी दुसऱ्या फादरना बोलावतील. चौथ्या घरातला भाऊ मात्र संध्याकाळी बहिणीला फोन करेल असं मला वाटतं, आणि त्या फोनवर काय बोलायचं ते त्याला सुचणार नाही, तेव्हा तेही आधीच सांगून ठेवा.