तुला तिकडे बसून काय कळणार

गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला तो एका ऐतिहासिक मालिकेच्या जाहिरातीवरून. जाहिरातीत दोन राण्या एकमेकींकडे रोखून बघतात आणि मागे कोणाचा तरी हात दुधाच्या पेल्यात काहीतरी मिसळतो, एवढंच. दादाने लिहिलं, "आपल्या राजघराण्यांत असली थेरं नव्हती. प्रेमप्रकरणं, विषप्रयोग, सवतीमत्सर, सगळं टीआरपीसाठी. पूर्वजांची बदनामी आहे ही." खाली ११ अंगठे. मी लिहिलं की चिनी लोक त्यांच्या बादशहाच्या जनानखान्याची गोष्ट ७६ भाग दाखवतात, लोक ती पुन्हा पुन्हा बघतात आणि त्यांचा बादशहा त्यामुळे लहान झालेला नाही. उत्तर आलं, "चिन्यांचं चिन्यांपाशी. तुला तिकडे बसून काय कळणार."

हे वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आधी त्या मालिकेबद्दल. नाव 'झेन ह्वान च्वान', म्हणजे झेन ह्वानची कहाणी. २०११ची. सिंगापूरमध्ये तोआ पायोच्या आमच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकवरच्या, म्हणजे तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेतल्या, दगडी टेबलाशी शेजारच्या आंटी संध्याकाळी फोन उभा करून ती बघतात. ही त्यांची चौथी खेप. मुलगा एनएसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला, गेला त्या वर्षी शुक्रवारी त्याची वाट बघत मी त्यांच्याशेजारी बसायला लागले आणि पंधरा दिवसांत स्वतःहून यूट्यूबवर पहिला भाग लावला. (अमेरिकेसाठी कापून सहा भागांची केलेली आवृत्ती बघू नका. तिच्यात घटना उरल्या आहेत, माणसं नाहीत.)

गोष्ट छिंग घराण्यातल्या योंगझेंग बादशहाच्या काळातली, १७२२ ते १७३५. अधिकाऱ्यांच्या वयात आलेल्या मुलींना निवडीसाठी राजवाड्यात हजर व्हावंच लागे, निवड होऊन गेल्याशिवाय घरच्यांना लग्न लावता येत नसे. झेन ह्वान अशीच जाते, निवड होऊ नये अशी मनात प्रार्थना करत. निवड होते. बादशहाचं तिच्यावर प्रेम बसतं, तिचंही त्याच्यावर. आणि मग एका समारंभाच्या दिवशी तिचा पोशाख फाटलेला निघतो, भांडारातून घाईघाईने दुसरा येतो, ती तो घालून समोर जाते आणि बादशहाचा चेहरा पांढरा पडतो. तो पोशाख त्याच्या वारलेल्या पहिल्या महाराणीचा. पुढे त्याच्या मेजावरचा एक कागद तिच्या हाती लागतो आणि तिला कळतं की इतकी वर्षं आपल्यावर झालेलं प्रेम त्या मेलेल्या बाईवरचं होतं. आपण तिच्यासारख्या दिसतो, एवढंच आपलं कर्तृत्व. लाडाने दिलेला किताबसुद्धा तिच्याच टोपणनावावरून घेतलेला.

दादा याला थेर म्हणतो. दादाला माझा प्रश्न आहे की ह्वा फेईचं काय करायचं? ह्वा फेई ही बादशहाची सगळ्यात लाडकी, सगळ्यात उर्मट राणी. तिचा भाऊ न्यान गेंगयाओ हा बादशहाचा मोठा सेनापती. ही माणसं खरी आहेत, हा सेनापती इतिहासात आहे, मर्जीतून उतरल्यावर त्याला स्वतःचा जीव घ्यायला लावलं हेही खरं. मालिकेत या राणीला बादशहा एक खास धूप देतो, फक्त तिच्यासाठी बनवलेला. तिच्या महालात तो रात्रंदिवस जळत असतो आणि तिला त्याचा केवढा अभिमान. त्या धुपात कस्तुरी असते, मूल होऊ नये म्हणून. भावाच्या हाती फौज आणि बहिणीच्या पोटी राजपुत्र, हे कुठल्याच बादशहाला परवडणारं नसतं. लाड करायचे आणि कूस वांझ ठेवायची, दोन्ही एकाच डबीतून. सगळं संपल्यावर झेन ह्वान तिला हे सांगते, तेव्हा ती बाई भिंतीवर डोकं आपटून मरते. मी तो भाग रात्री एक वाजता बघितला आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

या एका धुपात लष्कर आहे, वारसा आहे, बादशहाची भीती आहे आणि एका बाईचं उभं आयुष्य आहे. लढाईच्या कुठल्या प्रसंगात एवढं मावतं? बायकांना दरबारात उभं राहायची मुभाच नव्हती, त्यांचं राजकारण चुलीपाशी, पाळण्यापाशी, औषधाच्या वाटीपाशीच होणार. ते दाखवायचं नाही असं ठरवलं की इतिहासात बायका उरतात त्या फक्त ओवाळायला आणि सती जायला. मला एवढंच म्हणायचं होतं. ग्रुपवर मला ते नीट म्हणता आलं नाही.

दादाचा दुसरा मुद्दा, इतिहासाशी खेळ. इथेही चिनी प्रेक्षक आपल्यापेक्षा मोकळा आहे असं मला वाटतं. मुळातली कादंबरी ल्यू ल्येनझी या लेखिकेची, ती एका काल्पनिक राजवटीत घडते. दिग्दर्शक झेंग श्याओलोंग यांनी ती उचलून योंगझेंगच्या काळात बसवली. वाड्यातून बाहेर पडून मठात राहिलेल्या झेन ह्वानचं सतराव्या राजपुत्रावर प्रेम जडतं. तो मेल्याची बातमी येते, ती पोटुशी असते, आणि मूल वाचवायला, सूड घ्यायला ती परत बादशहाकडे जाते. राजपुत्र जिवंत परततो. शेवटी बादशहाला संशय येतो, तो तिच्याच हाती विषाचा पेला देतो आणि राजपुत्र पेले बदलून तो स्वतः पितो. आता खऱ्या इतिहासात हा राजपुत्र, युनली, १७३८ साली वारला, बादशहाच्या मृत्यूनंतर सुमारे अडीच वर्षांनी. हे आंटींना ठाऊक आहे. त्या मला म्हणाल्या, "तो खरा वेगळा, हा आपला." आणि डोळे पुसले. रात्र-रात्र जागून कागदपत्रं वाचणारा, त्यावर स्वतःच्या हाताने शेरे लिहिणारा खरा योंगझेंगही त्यांना माहीत आहे. मरताना "धाकटा मुलगा माझाच ना?" असं विचारणारा आणि "सगळी प्रजाच आपली लेकरं" हे उत्तर ऐकून तडफडणारा मालिकेतला योंगझेंगही त्यांचाच आहे. दोघे एका डोक्यात सुखाने नांदतात. आपल्या डोक्यात एवढी जागा का नसावी?

२०१५ साली काशीबाई पडद्यावर पिंगा नाचल्या म्हणून आपल्याकडे गहजब झाला. २०२५च्या जानेवारीत संभाजीमहाराजांवरच्या सिनेमातला लेझीमचा प्रसंग प्रदर्शनाआधीच काढावा लागला. काशीबाईंच्या वेळी मलाही ते नाचणं खटकलं होतं, हे खरं. पण खटकणं आणि दाखवूच नका म्हणणं यांत फरक आहे.

यावर दादाने मला एक बातमी पाठवली. २०१९च्या जानेवारीत 'बेइजिंग डेली'ने राजवाड्याच्या मालिकांवर टीका केली, त्या चैन आणि कपट शिकवतात म्हणून, आणि लगेच काही वाहिन्यांनी अशा मालिकांचं पुनःप्रक्षेपण थांबवलं. "बघ तुझे मोकळे चिनी." बातमी खरी आहे. तिच्याबद्दल मी ग्रुपवर आधी बोलले नव्हते, कारण माझ्या मुद्द्याला ती अडचणीची होती. पण तेव्हा तिथे तक्रार वरून आली होती, प्रेक्षकाकडून नव्हे. आपल्याकडे माझा स्वतःचा भाऊ तक्रार करतो, हे मला जास्त लागतं.

कारण आम्ही दोघं शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलो. शाळेतून येताना दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांना हात लावून पळायचो. "काका मला वाचवा" हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ झालं. ३० ऑगस्ट १७७३. पुतण्याचा खून, गारदी, 'धरावे'चं 'मारावे'. ती तर जगातल्या कुठल्याही राजवाड्याला शोभेल अशी विश्वासघाताची गोष्ट आहे आणि आम्हाला ती सात वर्षांचे असताना सांगितली गेली, कोणाची बदनामी वगैरे न होता. झेन ह्वानची गोष्ट जिच्या नावाला टांगली आहे ती न्योहुरू घराण्यातली खरी राजमाता त्या दिवशी चीनमध्ये जिवंत होती, ऐंशीच्या घरात. हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला. इकडे नारायणराव पळतायत आणि तिकडे ती म्हातारी आपल्या महालात बसली आहे.

आनंदीबाईंना आपण एका अक्षरापुरतं ठेवलं. ध चा मा. त्या कशाला भ्यायल्या होत्या, त्यांना कोणी काय वचन दिलं होतं, हे विचारायची सोय नाही. आन लिंगरोंग ही झेन ह्वानची मैत्रीण, लहान गावच्या क्षुल्लक अधिकाऱ्याची मुलगी, निवडीच्या दिवशी साध्या कपड्यांमुळे सगळ्यांसमोर अपमानित झालेली. झेन ह्वान तेव्हा तिच्या केसांत फूल माळते, कानांत स्वतःची कर्णफुलं घालते. पुढे हीच लिंगरोंग तिला मलमात कस्तुरी घालून देते. मालिका तिला माफ करत नाही, पण त्या फुलापासून मलमापर्यंतची प्रत्येक पायरी दाखवते. उपकार किती जड असतात हे मला त्या मुलीकडे बघून कळलं. आनंदीबाईंना एवढा न्याय मिळाला तर पेशव्यांचं काय जाणार आहे?

एवढं लिहून थांबले होते. पण ते वाक्य अजून गेलं नाही.

तिकडे बसून. दादा असं बोलणारा माणूस नव्हता. तो असं का बोलतो हे मला माहीत आहे, ग्रुपवरच्या कोणालाही माहीत नसलं तरी.

झेन ह्वान मठातून परत येते तेव्हा तिला नवं कूळ देतात. ती आता झेन नाही, न्योहुरू. पहिल्या नावाची बाई जणू कधी नव्हतीच. तो भाग आंटींसोबत बघताना मला बसवेना. मी उठून वर आले. मुलाचं एनएस, फ्लॅट, नवऱ्याची नोकरी, सगळ्याचा हिशेब करून आम्ही २०१९ साली इथलं नागरिकत्व घेतलं. भारताचा पासपोर्ट परत केला. खिडकीतून तो मला रद्द असा शिक्का मारून परत मिळाला, आणि मी तो पर्समध्ये ठेवला तेव्हा माझा हात थरथरत होता. दादाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत आठ महिने. आई गेल्यानंतरची पहिली दिवाळी होती. मी पुण्याला गेले, बॅग दिवाणावर उघडी होती, आणि भाच्याने नवा पासपोर्ट उचलून सगळ्यांसमोर विचारलं, "आत्या, तुझा पासपोर्ट लाल कसा?" वहिनी चकलीच्या सोऱ्याशी होती, तिचा हात थांबला. दादाने पासपोर्ट घेतला, उघडला, माझा फोटो बघितला, मिटून बॅगेत ठेवला. "चहा घेणार ना?" म्हणाला. त्यावर आम्ही आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही.

मी आता पुण्याला येते ती ओसीआय कार्ड घेऊन, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. पूर्वजांच्या अब्रूचं ओझं ज्यांनी रोज उचलायचं ते तिथे आहेत, आणि मोकळं डोकं ठेवा असं मी नवव्या मजल्यावरून सांगते. माझा मुद्दा मी सोडत नाही, तो बरोबरच आहे. पण तो मांडायचा माझा हक्क दादाला आता पूर्वीसारखा दिसत नसेल, तर त्याला मी काय म्हणू?

काल आंटींनी विचारलं, तुमच्याकडे आहे का अशी कोणी राणी? मी म्हटलं, आहे. नारायणरावांची बायको, गंगाबाई. नवऱ्याचा खून झाला तेव्हा ती गरोदर होती. अख्खं राज्य तिच्या पोटाकडे डोळे लावून बसलं. कारभाऱ्यांनी तिला पुरंदर किल्ल्यावर पहाऱ्यात ठेवलं, आणि १७७४च्या एप्रिलमध्ये तिला मुलगा झाला, सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. मी हे माझ्या मोडक्या मँडरिनमध्ये, हातवारे करत सांगत होते आणि आंटींनी फोन बंद करून ठेवला होता. त्या पुढे सरकून म्हणाल्या, "मग? तिचं काय झालं?"

मला सांगता आलं नाही. शनिवारवाड्याच्या सावलीत वाढून, एवढं सगळं बोलून, गंगाबाई पुढे कशी जगली, कोणाशी बोलली, कोणाला भ्यायली, यातलं मला काही येत नव्हतं.

रात्री दादाला वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही. "दादा, गंगाबाईंचं पुढे काय झालं रे? पुरंदरानंतर?" बराच वेळ दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग उत्तर आलं.

"आबांचं पुस्तक वरच्या माळ्यावर आहे. उद्या शिडी लावून काढतो."