सिंगलटनमध्ये इनिट एकदाच चालते म्हणणाऱ्यांसाठी खुलासा
आपल्याकडच्या पोट्ट्यांमधी दोन दिवसांपासून एक मेसेज फिरून राह्यला का पायथनमध्ये क्लासची न्यू मेथड (__new__, जी ऑब्जेक्ट बनवते) बदलून दरवेळी तोच जुना ऑब्जेक्ट परत दिला का झालं सिंगलटन (म्हणजे आख्ख्या प्रोग्राममध्ये क्लासचा एकच ऑब्जेक्ट), इनिट (__init__, ऑब्जेक्टमध्ये सुरुवातीच्या किमती भरणारी मेथड) मंग एकदाच चालते. अर्धं खरं आहे भाऊ. ऑब्जेक्ट एकच राह्यते, आयडी काढून पाहा, सारखाच येते, पण क्लासले जितक्यांदा कॉल कराल तितक्यांदा इनिट पुन्हा चालते, काहून का न्यूनं त्याच क्लासचा ऑब्जेक्ट दिला का पायथन त्याच्यावर आपोआप इनिट चालवते, तो नवा का जुना हे पाहतच नाही.

मले हे कसं समजलं? आमच्या इथं कापसाच्या काट्यावरच्या पावत्यांचा प्रोग्राम केला होता, इनिटमध्ये पावती नंबर शून्य लिहिलेला, तो क्लासच्या दर कॉलले पुन्हा शून्य होये, अन् दुपारपर्यंत तीन बंडीवाल्यांच्या हातात एक नंबरचीच पावती! लय शिव्या खाल्ल्या.

मेटाक्लासच्या (म्हणजे क्लासचाही क्लास) कॉल मेथडमध्येच, ऑब्जेक्ट आधी बनला असला का तोच परत देऊन, अडवलं तर इनिट खरंच एकदाच चालते, थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणारी कामं) असतील तर लॉकही लावा, म्हणजे दोघं एकदमच ऑब्जेक्ट बनवणार नाहीत. पण मी म्हणतो एवढी भानगड कशाले, साध्या मॉड्यूलमध्ये (म्हणजे पायथनच्या एका फाइलमध्ये) एक ऑब्जेक्ट बनवून ठेवा, इम्पोर्ट कितीही ठिकाणी केलं तरी फाइल एकदाच चालते, पुढच्या वेळी सिस डॉट मॉड्यूल्समधून (sys.modules, लोड झालेल्या मॉड्यूलची नोंद) तेच मॉड्यूल भेटते. फक्त सर्व्हरवर चार वर्कर प्रोसेस (म्हणजे त्याच प्रोग्रामच्या वेगवेगळ्या चालणाऱ्या प्रती) लावल्या तर ऑब्जेक्टही चार होतात, तिथं पावती नंबर डेटाबेसमधूनच घ्या.